विश्लेषण : ब्रिटनमध्ये प्राध्यापक संपावर, विद्यार्थ्याने फाटक ओलांडावे की नाही?

सकाळी नऊच्या तासाला निघालेला विद्यार्थी विद्यापीठाच्या फाटकाशी पोहोचतो, तर कालपर्यंत शिकवणारे प्राध्यापक तिथे हातात फलक घेऊन उभे. ते पत्रक देतात आणि विनंती करतात, आज आत जाऊ नका. याच फाटकावरच्या रांगेला तिकडे ‘पिकेट लाइन’ म्हणतात. पुण्या-नाशिकहून शैक्षणिक कर्ज काढून वर्षभराच्या एमएस्सीसाठी गेलेल्या मुलामुलींची इथे पंचाईत होते. आत जावे तर गुरूंचा अवमान, न जावे तर कर्जाचे पैसे वाया आणि वर व्हिसाची धास्ती.

संप कशासाठी होतात?

२०१८ मध्ये निवृत्तिवेतनाची हमी काढून घेण्याच्या प्रस्तावावरून साठहून अधिक विद्यापीठांत १४ दिवस संप झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन’च्या हाकेवर १५० विद्यापीठांतील ७० हजार कर्मचाऱ्यांसाठी तीन दिवसांचा संप पुकारला गेला. या वेळी पगार आणि कामाचा बोजा यांबरोबर कंत्राटी नेमणुका हाही मुद्दा होता. आपल्याकडच्या ‘तासिका तत्त्वावरील’ प्राध्यापकांची व्यथा तिकडेही आहे. तुमचे ट्युटोरियल घेणारी व्यक्ती बऱ्याचदा तीच असते.

अलीकडचे संप नोकरकपातीवरून आहेत. २०२५ मध्ये डंडी, एडिनबरा येथे ते झाले. त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जोडीदार व मुले सोबत नेण्यास मनाई केली. परदेशी विद्यार्थी घटले आणि त्यांच्या भरमसाट शुल्कावर चालणाऱ्या विद्यापीठांच्या तिजोरीत खड्डा पडला.

आत गेल्यास कोणी अडवू शकते का?

नाही. आपल्या डोळ्यांपुढे ‘बंद’ आणि ‘घेराव’ येतो, तसा हा प्रकार नाही. ब्रिटिश कायद्यानुसार संपकरी शांततेने माहिती देऊ शकतात, मन वळवू शकतात. वाट अडवू शकत नाहीत. सरकारी संहितेनुसार एका प्रवेशद्वारावर सर्वसाधारणपणे सहापेक्षा जास्त जण नसावेत. विद्यार्थी त्या नोकरीच्या वादात पक्षकार नाही. आत जाण्याचा त्याला हक्क आहे आणि न जाण्याचाही.

मग करावे काय? तास रद्दच झाला असेल तर प्रश्न बराचसा मिटतो. तो सुरू असेल, प्रयोगशाळेतला प्रयोग थांबवता येत नसेल, तर जावे. मात्र मागच्या दाराने मान खाली घालून जाण्यापेक्षा फाटकावर दोन मिनिटे थांबून पत्रक घ्यावे, काय मागताय ते विचारावे. संपाच्या दिवसाचा पगार कापून घेऊन ती माणसे उभी असतात, हे विसरू नये. एक व्यावहारिक बाब : आपण संपावर जाणार की नाही, हे प्राध्यापकाने आधी सांगावे असे कायदेशीर बंधन नाही. तेव्हा ‘सर, उद्या तास आहे का?’ या ईमेलला उत्तर आले नाही तर रागावू नये.

व्हिसाला धोका आहे का?

तास विद्यापीठाने किंवा प्राध्यापकाने रद्द केला तर ती तुमची गैरहजेरी नव्हे. परंतु तास चालू असताना तुम्ही पाठिंबा म्हणून गेला नाहीत, तर ती गैरहजेरीच. व्हिसाचे प्रायोजक विद्यापीठ असते आणि हजेरीवर लक्ष ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असते. बहिष्काराचा निर्णय घ्या, पण हजेरीचा नियम वाचून घ्या. दुसरी चूक हमखास होते : संप म्हणजे सुट्टी समजून दुकानात जादा पाळ्या करणे. संपाचा आठवडा सत्रातलाच धरला जातो, म्हणून पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांची आठवड्याला २० तासांची कामाची मर्यादा कायम राहते.

पीएचडी करता करता शिकवणाऱ्यांचे वेगळे. शिकवण्याच्या नोकरीपुरते ते कायदेशीर संपात उतरू शकतात, संघटनेचे सदस्य नसले तरी. स्वतःचे संशोधन मात्र नोकरीत मोडत नाही.

खरा फटका कुठे बसतो?

बुडालेल्या तासांपेक्षा न तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा. २० एप्रिल ते ६ सप्टेंबर २०२३ या काळात १४५ विद्यापीठांत मूल्यांकनावर बहिष्कार होता. अनेक विद्यापीठांनी त्यात सहभागी झालेल्यांचा अर्धा ते पूर्ण पगार कापला. केंब्रिज, डरहॅम, एडिनबरा येथे अंतिम वर्षाच्या अनेकांना वेळेत श्रेणी मिळाली नाही. महाराष्ट्रानेही त्याच वर्षांच्या दशकभर आधी, २०१३ मध्ये, ‘एमफुक्टो’चा परीक्षा बहिष्कार अनुभवला आहे, पण इथला विद्यार्थी निकालाची वाट घरी बसून पाहू शकतो. परदेशी विद्यार्थ्याच्या डोक्यावर व्हिसाचे घड्याळ असते. शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणाऱ्या ‘ग्रॅज्युएट व्हिसा’चा अर्ज ब्रिटनमध्ये राहून, जुना व्हिसा संपण्याआधीच करावा लागतो आणि अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने गृह खात्याला कळवावे लागते. वर्षभराच्या वा त्याहून मोठ्या अभ्यासक्रमानंतर साधारण चार महिन्यांची मुभा असते. निकाल लांबतोय असे दिसताच मुदत संपायची वाट न पाहता आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी कळवावे. नोकरी देऊ केलेल्या कंपनीसाठीही विद्यापीठाचे पत्र मागून घ्यावे.

बुडालेल्या तासांची भरपाई मागता येते का?

येते, आणि ती मागणे म्हणजे संपाला विरोध नव्हे. तक्रार विद्यापीठाविरुद्ध असते, प्राध्यापकाविरुद्ध नाही. कोणत्या तारखेचा कोणता तास बुडाला, तो भरून काढला का, परीक्षेत तो भाग आला का, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. आधी विद्यापीठाची अंतर्गत तक्रार प्रक्रिया पूर्ण करावी लागते. तिच्या अखेरीस मिळणाऱ्या पत्रापासून १२ महिन्यांच्या आत इंग्लंड-वेल्समध्ये ‘ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर’कडे विनाशुल्क दाद मागता येते. स्कॉटलंडसाठी वेगळा लोकपाल आहे. हे कार्यालय भरपाईची शिफारस करू शकते, उत्तरपत्रिका पुन्हा तपासून गुण वाढवून देत नाही. स्थानिक विद्यार्थी संघटनेचे सल्ला केंद्र अर्ज लिहायला मदत करते, तीही मोफत.