३२ अंशांत इंग्रज का हैराण होतो?

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही, किंवा ऐकून झाल्यावर आकडे पुन्हा बघायचे असतात, त्यांच्यासाठी. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवलाय.

जून-जुलै आला की दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी फिरते. 'लंडनमध्ये पारा ३२ अंशांवर, नागरिक हैराण.' आणि त्याखाली आपल्या मंडळींच्या प्रतिक्रिया. कुणी म्हणतं, आमच्या नागपुरात ३२ म्हणजे गारवा. कुणी म्हणतं, पाठवा त्यांना मे महिन्यात चंद्रपूरला. हसू येतं, साहजिक आहे. दीडशे वर्षं आपल्यावर राज्य करून गेलेली माणसं ३२ अंशांत कोमेजतात म्हटल्यावर थोडी मजा वाटणारच की!

पण आता हा आकडा ऐका. २०२२ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या पाच टप्प्यांमध्ये एकट्या इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरचे सुमारे २,८०० मृत्यू जास्तीचे झाले. जास्तीचे म्हणजे, एरवी त्या दिवसांत जेवढे मृत्यू अपेक्षित असतात त्यांच्या वर. बरं, हा श्रीमंत देश आहे, दवाखाने आहेत, रुग्णवाहिका आहेत. मग असं का होतं? इंग्रज नाजूक आहेत, हे उत्तर पुरेसं नाही. थोडं खोलात जाऊया.

ऋतू कॅलेंडरवर, आभाळात काहीही

आपल्याकडे उन्हाळा सांगून येतो. होळी झाली की ऊन तापायला लागतं, मार्च, एप्रिल, मे असं चढत जातं. ७ जूनच्या आसपास मृग लागतो. पाऊस कधी आठवडाभर आधी, कधी दोन आठवडे उशिरा, पण येतो. आपलं सगळं नियोजन, वाळवणापासून लग्नाच्या मुहूर्तांपर्यंत, या खात्रीवर उभं आहे.

ब्रिटनला ही खात्री नाही. नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला युरोप खंड, वर आर्क्टिक, खाली स्पेन आणि त्यापलीकडे सहारा. या चारही बाजूंनी वेगवेगळ्या स्वभावाची हवा या बेटांवर येते. समुद्रावरून आली तर ओली आणि गार, दक्षिणेकडून जमिनीवरून आली तर कोरडी आणि गरम. आज कुणाची पाळी, हे बऱ्याच अंशी जेट स्ट्रीमवर ठरतं. म्हणजे आठ-दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा. हा पट्टा ब्रिटनच्या उत्तरेला सरकला तर स्वच्छ ऊन. दक्षिणेला आला तर अटलांटिकवरून पावसाळी हवा एकामागून एक येत राहते. आणि हा पट्टा सरळ वाहत नाही बरं का, नदीसारखी वळणं घेतो.

गेल्या काही वर्षांचाच हिशोब बघा. २०२२ मध्ये इतिहासात पहिल्यांदा ४० अंश ओलांडले. २०२३ चा जून तोवरचा सर्वांत उष्ण जून, आणि लगेच पुढचा जुलै धो धो पावसाचा. २०२४ चा उन्हाळा २०१५ नंतरचा सर्वांत थंड. आणि २०२५ चा उन्हाळा १८८४ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण! आता अशा देशात माणसाने कपाटात काय ठेवायचं, सुती की लोकरी?

सरकारचीही फजिती होते. १९७६ मध्ये भीषण दुष्काळ पडला. ऑगस्टमध्ये डेनिस हॉवेल यांना खास दुष्काळमंत्री नेमलं आणि काही दिवसांतच पाऊस सुरू झाला. २०१२ च्या एप्रिलच्या सुरुवातीला दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये पाणीटंचाईमुळे बागेला पाइपने पाणी घालायला बंदी केली, आणि तो एप्रिल नोंदींमधला सर्वांत पावसाळी एप्रिल ठरला.

आपण मृगाचं वाहन बेडूक आहे की उंदीर हे बघतो ना, तसाच त्यांच्याकडे संत स्विदिनचा दिवस आहे. १५ जुलैला पाऊस पडला तर पुढे ४० दिवस पडणार, अशी समजूत. आणि पावसाने क्रिकेटचा डाव मोडला तर लक्ष्य किती ठेवायचं, याचं गणित मांडणारे डकवर्थ आणि लुईस हे दोघेही इंग्रजच. यात नवल ते काय! २०१९ च्या विश्वचषकात मँचेस्टरला आपला न्यूझीलंडविरुद्धचा उपांत्य सामना ९ जुलैला सुरू होऊन १० जुलैला संपला. तो कुणी विसरलेलं नसेल.

ऊन म्हणजे बक्षीस

आता भावनेकडे येऊ. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. महिनोन्‌महिने करडं आभाळ. अशा माणसाला जूनमध्ये लख्ख ऊन मिळालं, रात्री सव्वानऊपर्यंत उजेड मिळाला, तर तो काय करेल? बाहेर पळेल! बागेत मांस भाजेल, पबच्या अंगणात बसेल, समुद्रकिनारी जाईल. कारण हे ऊन परवा असेलच याची खात्री नाही. आपल्याला पहिल्या पावसात जे वाटतं, ते त्यांना पहिल्या उन्हात वाटतं.

केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इंग्रजांच्या सवयींवर पुस्तक लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं, की हवामानावरच्या गप्पा या मुळात हवामानाबद्दल नसतातच. त्या असतात बोलणं सुरू करण्यासाठी. 'जेवलात का?' विचारताना आपल्याला तरी मेन्यू कुठे हवा असतो? तसंच ते. त्यामुळे 'काय उकडतंय नाही?' म्हटलं की 'हो ना!' म्हणायचं, वाद घालायचा नाही.

गोड प्रथा आहे. पण इथेच एक अडचण आहे. ज्या भाषेत ऊन म्हणजे 'छान हवा', त्या भाषेत उन्हाचा धोका सांगायचा कसा? जुलै २०२२ मध्ये तिथल्या एका वृत्तवाहिनीवर हवामानतज्ज्ञ सांगत होते, की येत्या उष्णतेत शेकडो, कदाचित हजारो लोक दगावू शकतात. तर निवेदिकेचा सूर असा, की हवामानाबद्दल जरा आनंदी राहूया की! ती चित्रफीत नंतर जगभर फिरली. त्या बाईंना हसणं सोपं आहे. पण विचार करा, पहिल्या पावसाच्या दिवशी आपल्याला कुणी पुराबद्दल बोलायला लागलं, तर आपण तरी कितपत ऐकून घेऊ?

घर थंडीसाठी बांधलेलं

आता खरा मुद्दा. बाहेर ३२ अंश असले तरी आत किती आहेत?

आपली घरं उन्हाशी भांडायला शिकलेली आहेत. थंडगार फरशी, खिडकीवर छज्जा, समोरासमोर खिडक्या, छताला पंखा. काही नाही तर वाळ्याचा पडदा आणि कोपऱ्यात माठ. इंग्लंडमधलं घर नेमकं उलट्या शत्रूसाठी बांधलंय. व्हिक्टोरियन काळातल्या विटांच्या घरांत आजही लाखो लोक राहतात. जमिनीवर गालिचा, काचा दुहेरी, खिडक्यांना बाहेरून छज्जा नाही की झडप नाही. छताचा पंखा क्वचितच, एसी तर फारच थोड्या घरांत. नव्या इमारतींमध्ये मोठमोठ्या काचा, आणि उंच मजल्यांवर खिडकी सुरक्षेसाठी जेमतेम वीतभर उघडते.

काचेतून ऊन आत येतं, गालिचा, भिंती, सोफा तापवतं आणि ती उष्णता आतच अडकते. एक दिवस ठीक आहे. तिसऱ्या दिवशी भट्टी होते. आणि तिथे जूनमध्ये सूर्य पहाटे पावणेपाचला उगवतो, म्हणजे घर तापायला सोळा-साडेसोळा तास, निवायला साडेसात!

म्हणून तिथल्या उष्णतेच्या लाटेची व्याख्याही वेगळी आहे. सलग तीन दिवस ठरावीक तापमान गाठलं की लाट. हा आकडा भागानुसार २५ ते २८ अंश, लंडनसाठी २८. आपलं हवामान खातं मैदानी भागात किमान ४० अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, असं धरतं. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच: इथल्या माणसाला आणि इथल्या घराला हे झेपेल का?

शरीराचंही तसंच. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. हळूहळू घाम लवकर यायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण घटतो. होळीपासून मेपर्यंत आपलं शरीर ही तयारी करत असतं. ब्रिटनमध्ये सोमवारी २१ अंश, गुरुवारी ३३ आणि रविवारी परत २०. तयारी होणार कधी? त्यात ऐंशी वर्षांच्या आजी, एकट्या, वरच्या मजल्यावर, हृदयाच्या गोळ्या चालू. पुरात वाहून जाणारं घर टीव्हीवर दिसतं. हा मृत्यू बंद दाराआड होतो, आणि दाखल्यावर बहुधा हृदयविकार किंवा श्वसनाचा आजार असंच लिहिलं जातं.

रूळ, धावपट्टी आणि भुयार

घरासारखाच सगळा देश बांधलाय. तिथले रेल्वेचे रूळ साधारण २७ अंश तापमान धरून ताणून बसवलेले असतात. उन्हात रूळ हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापू शकतो. मग तो प्रसरण पावतो, वाकण्याची भीती असते, म्हणून गाड्यांचा वेग कमी करतात. आपल्याकडे हा आकडा बराच वर धरतात. पण मग थंडीत रूळ आकसून तडकण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यांना आपली पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही.

१८ आणि १९ जुलै २०२२. अति उष्णतेचा पहिलावहिला लाल इशारा. ल्यूटन विमानतळाच्या धावपट्टीचा पृष्ठभाग उचलला गेला, उड्डाणं थांबली. लंडनमधल्या हॅमरस्मिथ पुलाच्या जुन्या साखळ्या चकचकीत फॉइलमध्ये गुंडाळल्या. लंडनच्या दोन मोठ्या रुग्णालयांची संगणक यंत्रणा थंड करणारी व्यवस्था कोलमडल्यामुळे बंद पडली. आणि १९ तारखेला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबी इथे ४०.३ अंशांची नोंद झाली. त्याच दुपारी पूर्व लंडनच्या वेनिंग्टन गावात आग घरांपर्यंत पोहोचली आणि घरं जळाली. लंडनच्या अग्निशमन दलासाठी तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वांत धावपळीचा दिवस होता.

'आम्ही शहात्तर पाहिलंय!'

अशा वेळी तिथले आजोबा एक वाक्य हमखास म्हणतात: आम्ही १९७६ चा उन्हाळा काढला, आम्ही नाही रडलो. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाचा दाखला देतात ना, तसं. आणि १९७६ खरोखर कठीण होतं. सलग १५ दिवस इंग्लंडमध्ये कुठे ना कुठे ३२ अंशांच्या वर तापमान होतं, काही ठिकाणी लोक रस्त्यावरच्या नळावरून पाणी भरत होते.

पण तेव्हाचं सर्वोच्च तापमान ३५.९ अंश. २०२२ मध्ये ते ४०.३. शिवाय तेव्हा जगाचा बराच भाग नेहमीपेक्षा थंड होता आणि ब्रिटन अपवाद होता. आता सगळी पृथ्वीच तापतेय. शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार २०२२ सारखी उष्णता येण्याची शक्यता माणसाने केलेल्या हवामानबदलामुळे किमान दहापट वाढली. २०२० मध्ये ब्रिटिश हवामान खात्याने २०५० सालच्या जुलैचा एक काल्पनिक अंदाज तयार केला होता, त्यात ४० अंश दाखवले होते. ते दोनच वर्षांत खरे झाले.

आपलं माणूस तिकडे असेल तर

हे सगळं आपण का बोलतोय? कारण आपल्यापैकी अनेकांची मुलं तिकडे आहेत, आणि आई-बाबांना ती बोलावतात नेमकी याच महिन्यांत, हवा चांगली म्हणून. पाहुण्यांची खोली बऱ्याचदा सगळ्यात वर, उतरत्या छपराखाली. आणि आपले बाबा म्हणणार, 'अरे, मी सोलापूरचा आहे, मला काय ३३ अंश!' सोलापूरच्या बाबांना सोलापूरचा पंखा आणि फरशी मिळत नसते, हे विसरायचं नाही.

तेव्हा साध्या गोष्टी. दिवसा उन्हाच्या बाजूचे पडदे ओढायचे, आणि बाहेर आतल्यापेक्षा जास्त गरम असेल तर खिडक्याही बंद. संध्याकाळी गारवा आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. झोपायला खालच्या मजल्यावर. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. खोलीत ३५ अंशांच्या वर गेलं तर पंखा फारसा कामाचा नाही. अंग ओल्या फडक्याने पुसायचं. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. आणि शेजारी कुणी एकटे आजी-आजोबा असतील, तर दिवसातून एकदा त्यांची बेल वाजवायची. हवामानावर बोलायला तिथे कुणाची ना नसते!

फोनवर 'बाहेर किती आहे?' असं विचारतो आपण. पुढच्या वेळी 'रात्री झोपायच्या खोलीत किती होतं?' असं विचारून बघा.

तुमचे तिकडच्या उन्हाळ्याचे अनुभव असतील तर जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. तोवर, काळजी घ्या. भेटूया!