दोन काठ्यांचे गिरणीमालक

पुण्यात दुखणे हाताबाहेर गेले की शेजारी हलक्या आवाजात सांगतात, 'त्यांना ससूनला हलवले.' मुंबईत कोळणी भल्या पहाटे ससून डॉकवर मासळीला जातात. पण हे ससून कोण, असे विचारा. 'असेल कोणी इंग्रज' म्हणून बहुतेक जण मोकळे होतात.

ते इंग्रज नव्हते, बगदादचे ज्यू होते. मूळ पुरुष डेव्हिड ससून. दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून त्यांनी बगदाद सोडले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत बिऱ्हाड केले. कापूस, कापड आणि चीनला जाणारी अफू (हे लपवण्यात काय अर्थ?) या व्यापारात घराण्याने अमाप पैसा मिळवला आणि त्यातला बराच इथेच दानधर्मात घातला. १८५३ साली डेव्हिडशेठ ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हा कागदावर सही केली ती हिब्रूत. १८६४ साली ते पुण्यात वारले. त्यांची कबर तिथल्या लाल देवळाच्या आवारात आहे.

आजची हकीगत मात्र त्यांच्या पणतवाची, सर व्हिक्टर ससून यांची.

जन्म १८८१ चा, इटलीतल्या नेपल्सचा. शिक्षण हॅरो आणि केंब्रिजला. पहिल्या महायुद्धात विमान कोसळून त्यांचे पाय जायबंदी झाले आणि पुढे सारा जन्म हा गृहस्थ दोन काठ्यांच्या आधाराने चालला. युद्ध संपल्यावर ते मुंबईस आले ते ई. डी. ससून कंपनीचा कारभार पाहायला. या कंपनीकडे गिरणगावातला सर्वांत मोठा गिरणी-समूह होता. १९२४ साली वडील वारले आणि 'सर' ही किताबतही घरात चालत आली.

पैसा होता, किताब होती, राहिले राजकारण. गिरणीमालकांचे प्रतिनिधी म्हणून ते मध्यवर्ती कायदेमंडळात दोनदा बसले, १९२२-२३ मध्ये आणि पुन्हा १९२६ ते १९२९. त्याच सभागृहात कामगारांच्या वतीने सरकारनियुक्त सभासद होते ना. म. जोशी, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, साध्या राहणीचे. एकाच्या मागे गिरण्यांचे भोंगे, दुसऱ्याच्या मागे त्या भोंग्यांवर धावणारी माणसे. बगदादी घराण्याचा वारस आणि कोकणातला मास्तर मुंबईच्या गिरण्यांविषयी एकाच छताखाली बोलत, हे चित्र मला तरी मोठे गमतीचे वाटते.

गंमत फार दिवस टिकली नाही. एप्रिल १९२८ मध्ये गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. किती घरांतली भांडीकुंडी मारवाड्याकडे गेली असतील, किती बायका मुले घेऊन गावी परतल्या असतील, हे जुन्या परळकरांना वेगळे सांगायला नको. याच संपात डॉ. आंबेडकरांनी एक अवघड गोष्ट चव्हाट्यावर आणली. साचेखात्यात चार पैसे जास्त मिळत, पण तिथे अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. ही बंदी मालकांइतकीच सोबत्यांचीही होती.

१९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला गेला. त्यात सर व्हिक्टर होते, घनश्यामदास बिर्ला होते आणि जोशीही होते! मुंबईतले शंभरांपैकी सत्त्याण्णव कामगार एकेका खोलीत संसार करतात, ही नोंद याच आयोगाच्या १९३१ च्या अहवालातली. कामाचे तास आठवड्याला साठावरून चोपन्नावर आणावेत, ही शिफारसही त्यातलीच. १९३४ च्या कायद्याने ती अमलात आली.

अहवाल निघाला त्याच वर्षी सर व्हिक्टरांनी मुंबई सोडण्याचे जाहीर केले. जड कर, संप, चळवळ. इथे भांडवलाला भवितव्य नाही असा त्यांचा हिशेब. मग त्यांनी निवडले कोणते गाव? शांघाय! तिथे हिरव्या निमुळत्या छपराचे त्यांचे कॅथे हॉटेल १९२९ सालीच उभे राहिले होते. पण १९४१ च्या अखेरीस जपान्यांनी त्यांच्या मालमत्तेवर हात टाकला आणि १९४९ नंतर उरलेसुरले कम्युनिस्टांच्या राज्यात गेले. संपाला भिऊन माणूस निघाला आणि क्रांतीच्या दारात जाऊन बसला.

घोड्यांनी मात्र त्यांना कधी दगा दिला नाही. 'मिस्टर ईव्ह' या टोपणनावाने ते शर्यतीत उतरत. एलिस व्हिक्टर इलायस ससून या नावाच्या आद्याक्षरांतून ते निघाले. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहण-समारंभानंतर चारच दिवसांनी डर्बी झाली. तीत त्यांच्या 'पिन्झा'ने खुद्द राणीच्या घोड्याला मागे टाकले. पुढे आणखी तीनदा डर्बी त्यांच्याकडे आली. १९५९ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आपल्या परिचारिकेशी लग्न केले आणि १९६१ साली ते बहामातल्या नासाऊ येथे वारले. मूलबाळ नव्हते, किताब त्यांच्याबरोबरच संपली.

मुंबईच्या गिरण्या त्याआधीच, १९४३ च्या सुमारास विकल्या गेल्या होत्या. त्यांचे नाव पडले इंडिया युनायटेड मिल्स. पुढे त्या सरकारकडे आल्या. त्यांतली सहा नंबरची, दादरच्या समुद्राकाठची, तिला सारे इंदू मिल म्हणत. चैत्यभूमीला लागूनच असलेली तिची साडेबारा एकर जागा डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी देण्याचे २०१२ साली जाहीर झाले आणि २०१५ च्या ऑक्टोबरात तिथे पायाचा दगड बसला.