लाल खुणेला घाबरण्याआधी

लॅबचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी आपल्या मोबाइलवर येऊन पडतो. आकड्यापुढे लाल खूण दिसली की जीव धास्तावतो आणि ती पीडीएफ चॅटजीपीटीला देऊन आपण विचारतो, ‘मला काय झालंय?’ माझ्या मते हा प्रश्नच बदलायला हवा.

एचबीए१सी ही तपासणी घ्या. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते कळतं. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. पण शरीरात लोह कमी असेल, तर रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं. त्यांना साखर चिकटायला जास्त वेळ मिळालेला असतो, त्यामुळे साखर न वाढताही आकडा वर सरकतो. आपल्याकडे कितीतरी बायकांना लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असतो. अशा बाईने नुसता ६.१ हा आकडा दिला, तर एआय बहुधा ‘प्रीडायबेटिस’ म्हणून मोकळं होईल. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि गेल्या वर्षीचे रिपोर्ट दिले, तर तेच एआय लोहाची शंका काढू शकतं. जे दिलं नाही ते त्याला माहीत नसतं, आणि चुकलं तरी त्याचा सूर ठामच राहतो.

नॉर्मल रेंजही सहसा ९५ टक्के निरोगी माणसं तीत बसतील अशी आखलेली असते. वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाऊ शकतो.

एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही, म्हणून जुनी फाइल हाताशी हवी. ती मागणं हा उपकार नव्हे, हक्क आहे: २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. ‘आभा’ या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या १४ अंकी क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी तर तुमच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. चॅटबॉटवर चढवलेल्या कागदाला मात्र ही संमतीची चौकट लागू नाही. तेव्हा नाव, मोबाइल आणि आभा क्रमांक झाकूनच तो चढवा.

आणि एआयला निदान विचारू नका, डॉक्टरांना काय विचारावं ते विचारा. ‘ॲनिमियामुळे हा आकडा वाढला असेल का?’ एवढं कागदावर लिहून दवाखान्यात न्या. गोळी सुरू करायची की थांबवायची, ते तिथेच ठरू द्या.