देवदूतांची चाकरी

बुधवारी अंधेरी-बोरिवलीकडून येणाऱ्या स्लो गाडीतून माहीमला उतरणाऱ्यांची गर्दी पाहा. मुलुंड-घाटकोपरची मंडळी दादरला गाडी बदलून येतात. सगळ्यांचे पाय वळतात सेंट मायकल चर्चकडे. मायकल हा महादूत, सैतानाशी लढणारा सेनापती. पण त्याच्यासाठी म्हणून क्वचितच कोणी येत असेल. ओढ असते ती निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेच्या नोव्हेना-प्रार्थनेची. १९४८ पासून ती इथे दर बुधवारी चालते. बाहेर मेणाचं घर, मेणाचं बाळ, मेणाचे हातपाय विकायला असतात. ज्याचा जसा नवस, तशी वस्तू. चर्च मायकलच्या नावाचं, नवस मात्र मातेला!

मला यात काही वावगं वाटत नाही. गेल्या आठवड्यात देवदूत कोण, ते आपण पाहिलं. भाविकांसाठी ते करतात काय, हे समजायला नोव्हेनाची ती प्रसिद्ध तसबीरच जवळून पाहावी. मातेच्या खांद्यांमागे दोन छोटे देवदूत आहेत. आपल्या डाव्या हाताला मायकल, भाला आणि आंबेचं भांडं घेऊन. उजवीकडे गॅब्रिएल, क्रूस आणि खिळे घेऊन. बाळ येशू ते बघून धास्तावलाय. त्याने आईचा हात घट्ट धरलाय आणि एका पायातली चप्पल सुटून लोंबतेय. म्हणजे या तसबिरीत देवदूत संकट अडवत नाहीत, पुढचं दुःख समोर आणून धरतात.

इब्री लोकांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात देवदूतांना तारणाच्या वारसांची सेवा करायला पाठवलेले आत्मे म्हटलं आहे. सेवा भाविकांची, पण हुकूम देवाचा. म्हणूनच ही चाकरी आपल्या मर्जीप्रमाणे होत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात देवदूत पेत्राला तुरुंगातून सोडवतो. बेड्या गळून पडतात, लोखंडी दार आपोआप उघडतं. कमरपट्टा बांधून वहाणा मात्र पेत्रानेच घालायच्या. एक गल्ली ओलांडली की देवदूत दिसेनासा. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला हेरोद राजाने प्रेषित याकोबाला तलवारीने मारलेलं असतं, तेव्हा कोणी देवदूत आलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानात, अटकेच्या रात्री, येशूजवळ देवदूत येतो तो बळ द्यायला. वाट्याचं दुःख टळत नाही.

कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे प्रत्येक भाविकाला आपला राखणदार देवदूत असतो. या देवदूतांचा सण २ ऑक्टोबरला. पोप दहावे क्लेमंट यांनी १६७० मध्ये ही तारीख सगळ्या चर्चसाठी ठरवली. आपल्याकडे त्या दिवशी गांधीजयंतीची सुट्टी, मुलांची चैन! प्रॉटेस्टंट मंडळी देवदूत मानतात, पण त्यांची प्रार्थना करत नाहीत. कॅथलिकही मध्यस्थीच मागतात. आराधना फक्त देवाची.

चाकरीची सगळ्यात गोड गोष्ट आहे तोबीतच्या पुस्तकात. राफाएल हा देवदूत माणसाच्या रूपात तरुण तोबियाचा वाटाड्या होतो. दिवसाला एक द्राख्मा मजुरी ठरते, कुत्राही बरोबर निघतो. माशाचं पित्त काढून जपून ठेवायला राफाएल सांगतो. परतल्यावर ते आंधळ्या बापाच्या डोळ्यांना लावायचं काम मुलाचं. दृष्टी येते. मजुरी चुकती करायची वेळ आल्यावर राफाएल आपली ओळख सांगतो आणि देवाचे आभार माना म्हणतो. हे पुस्तक प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. ते का वगळलं, ते पुढच्या आठवड्यात.