हात थकल्यानंतरचे वेतन

वर्धा शहरास लागून असलेल्या नालवाडीत 1932 साली विनोबा भावे राहावयास गेले. सूतकताईच्या मजुरीवरच निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला. मजुरीतून रोजचे पोट भरले पाहिजे, हा त्यामागील आग्रह होता. परंतु हात थकल्यावर काय, हा प्रश्न रोजमजुरापुढे आजही उभा आहे.

2015 साली सुरू झालेली केंद्र शासनाची अटल पेन्शन योजना अशाच असंघटित श्रमिकांसाठी आहे. बँकेत अथवा डाकघरात बचत खाते असलेल्या 18 ते 40 वर्षे वयाच्या व्यक्तीस तीत सहभागी होता येते. प्राप्तिकर भरणाऱ्यांस मात्र 1 ऑक्टोबर 2022 पासून नव्याने प्रवेश नाही. वयाच्या साठाव्या वर्षापासून दरमहा 1,000 ते 5,000 रुपये हमीचे निवृत्तिवेतन मिळते. सभासदाच्या मृत्यूनंतर तेच पती वा पत्नीस चालू राहते.

खरी मेख वयात आहे. 5,000 रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी अठराव्या वर्षी सहभागी होणाऱ्यास दरमहा 210 रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी 1,454! शाळा सोडून कामास लागणाऱ्या मुलाशी हे बोलण्याचे काम शिक्षकच उत्तम करू शकतील.

मात्र माहिती देणाऱ्याने उणी बाजू झाकू नये. शासकीय निवृत्तिवेतनास लाभणारा महागाई भत्ता येथे नाही. आज अठरा वर्षांच्या तरुणास 42 वर्षांनंतरही निवडलेली तेवढीच रक्कम मिळेल. साठीपूर्वी स्वेच्छेने बाहेर पडल्यास स्वतःचा भरणा व त्यावरील व्याज एवढेच, खर्च वजा जाता, परत मिळते. अर्जावर अंगठा घेण्यापूर्वी हेही ग्रामसभेत सांगितले जावे.