जुन्या पिकअप गाडींतील विजेची आग

शेतमाल बाजारीं नेणाऱ्या जुन्या पिकअप गाडीची बॅटरी अवघी १२ व्होल्टची, म्हणून तिची भीति कोणी बाळगीत नाहीं. परंतु तिची स्टार्टरकडे जाणारी जाड तार बहुधा फ्यूजवांचून असते. आवरण झिजून ती सांगाड्यास टेकली, कीं शेंकडों अँपिअर प्रवाह वाहूं लागतो. किल्ली बंद केल्यानेंही तो तुटत नाहीं. सबब धूर दिसतांच गाडी थांबवून प्रथम माणसें उतरवावीं. ज्वाळा नसल्यास सांगाड्यास जोडलेली ऋण तार आधीं सोडावी. धन तारेस आधीं हात घातल्यास पाना सांगाड्यास लागून ठिणगी उडते. ज्वाळा असल्यास बॉनेट सताड उघडूं नये. फटींतून कोरड्या भुकटीचें अग्निशामक मारावें, नपेक्षां दूर व्हावें. जळालेल्या फ्यूजजागीं तांब्याची तार गुंडाळण्याच्या चालीस आम्ही काटकसर म्हणावयास तयार नाहीं. ऋण तारेवर हातानें तोडतां येणारा स्विच मात्र अवश्य बसवावा. पाना शोधण्याचा वेळ वांचतो.