साडेसोळा मिलिमीटरची वाट

टेबलावरच्या प्रतिकृती-रेल्वेसाठी इंजिन हजारोंचं घ्या, डबे हुबेहूब रंगवा. रूळ नीट बसले नसतील तर गाडी तिसऱ्या फेरीला उतरतेच. हौशी लोक घसरणीचा दोष चाकांना देतात. निम्म्याहून जास्त वेळा दोषी रूळच निघतो.

'एचओ' हे जगात सर्वांत चालणारं माप, खऱ्या गाडीचा ८७वा हिस्सा. त्यात दोन रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचं बरोबर लहान रूप. आपली ब्रॉडगेज १६७६ची; हिशेबानं तिला १९ मिलिमीटरहून जास्त अंतर हवं. पण बाजारात रूळ साडेसोळाचेच, त्यामुळे भारतीय इंजिनंही बहुधा त्यांवरच धावतात. चालायचंच.

प्लायवूडवर आधी पेन्सिलीनं मार्गाची मधली रेघ मारतात. तिच्या दोन्ही अंगांना कॉर्कची साधारण ५ मिलिमीटर जाड पट्टी चिकटवतात. तिच्यामुळे लाकडाचा ढोलासारखा घुमणारा आवाज दबतो, शिवाय खडीला उतारही मिळतो. वर येतो लवचीक रूळ, सुमारे ९१ सेंटिमीटरचा एकेक तुकडा. वाकवला की आतला रूळ पुढे सरकतो. तो कापून कानसेनं घासायचा. वळणावरच्या सांध्याला कोपरा पडतो, म्हणून दोन तुकडे सरळ असतानाच डाग देऊन जोडावेत आणि मग वाकवावेत.

आता पक्कं करणं. इथंच उत्साह नडतो. खिळा ठासून मारला की स्लीपर मधोमध खचतो, दोन्ही रूळ आत कलतात आणि अंतर घटतं. डोळ्याला कळत नाही, चाकाला कळतं. खिळ्याच्या डोक्याखाली कागद सरकेल इतकी फट हवी. माझं मत विचाराल तर खिळे नकोतच. खिडक्यांच्या फटी बुजवायचा अॅक्रिलिक सीलंट खालचा कॉर्क दिसेल इतका पातळ पसरावा, वाळेपर्यंत टाचण्यांनी रूळ धरावा. चुकलं तर पातळ पट्टी खालून सरकवून उचलता येतो.

सगळेच सांधे डाग देऊन बांधू नयेत. ३ मीटर रूळ २० अंशांच्या फरकानं जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड त्याहून जास्त खेळ करतं. मधूनमधून अर्धा मिलिमीटर जागा सोडावी आणि प्रत्येक तुकड्याला विजेची स्वतंत्र तार द्यावी. जोडपट्टीच्या भरवशावर वीज पुढे जाईल असं मानणारे लवकरच कंटाळतात.

चढाचंही बघावं. बोरघाटात कर्जतहून वर येताना चढ ३७ला १ आहे, तिथं खऱ्या गाडीलाही मागून इंजिनं लावावी लागतात. टेबलावर मीटरला २ सेंटिमीटर पुरे. वळण असेल तर त्याहून कमी.

खडी अगदी शेवटी. त्याआधी सर्वांत लांब इंजिन फिरवावं, डब्यांची रांग सांध्यांवरून मागे रेटून पाहावी. मग खडी पसरून पांढरा गोंद निम्म्या पाण्यात, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून, ड्रॉपरनं सोडायचा. साबणामुळे तो खडीत झिरपतो. मार्ग बदलणाऱ्या सांध्याच्या सरकत्या पात्यांजवळ मात्र एक थेंबही नको. बाकीचा रूळ पुढे उचलावासा वाटला तर पाण्यानं भिजवून खडी मऊ करता येते. पात्यात गोंद गेला की तो सांधा बहुधा बदलावाच लागतो.